तार लावण्याची विद्या

मैफलीच्या आरंभी गवई तंबोऱ्याच्या खुंट्या पिळीत असतो, तेव्हा श्रोते अजून स्थिरस्थावर व्हायचे असतात. कोणी पान जमवितो, कोणी शेजाऱ्याची विचारपूस करतो, आणि गाणे सुरू व्हायला उशीर का, असा प्रश्न एखाद्या नवख्याच्या मुद्रेवर दिसतो. गाण्यापूर्वीचे हे काम पुजेपूर्वी समया घासून ठेवण्यासारखे किरकोळ आहे, असाच सामान्य समज. वास्तविक त्या चार-दोन मिनिटांत एका फार जुन्या प्रश्नाची उकल चाललेली असते. सूर लागला असे कोणी ठरवायचे? कानाने, गणिताने की यंत्राने? निरनिराळ्या देशांनी या प्रश्नाची उत्तरे निरनिराळी दिली, आणि त्या उत्तरांचा खल एके काळी महाराष्ट्रातही मोठ्या हिरिरीने झाला. त्या खलाचे दुवे मिरज, सातारा, बडोदे आणि म्हैसूर अशा चार ठिकाणी विखुरलेले आहेत.

आरंभ म्हैसूरच्या बाजूने केलेला बरा. म्हैसूर शहराच्या नैर्ऋत्येस, कपिला नदीच्या खोऱ्यात, सरगूर हे गाव आहे. त्याच्या आसपास नागरहोळे आणि बंडीपूर ही अरण्ये पसरलेली आहेत. आज ती वाघांसाठी राखलेली आहेत. पण दक्षिणेच्या या वनपट्ट्याची जुनी ख्याती साग आणि शिसव या झाडांसाठी. काळसर तांबूस रंगाच्या या शिसवावर म्हैसूरच्या कारागिरांनी पूर्वी हस्तिदंताचे आणि पुढे इतर द्रव्यांचे जडावकाम करून नाव मिळविले. ह्याच जातीच्या लाकडाला १९६९ नंतर एक निराळेच गिऱ्हाईक भेटले. ब्राझीलने आपल्याकडील शिसवाचे ओंडके परदेशी जाऊ देणे बंद केले, तेव्हा अमेरिकेतील मार्टिन या प्रख्यात गिटार बनविणाऱ्या पेढीने दक्षिण हिंदुस्थानातील शिसव वापरण्यास प्रारंभ केला. तेव्हापासून जगातील असंख्य गिटारींची पाठ आणि कुशी आपल्याकडच्या झाडाच्या झाल्या. ह्याच दक्षिणेत फणसाच्या लाकडाची वीणा होते. एकाच मुलखाची लाकडे. पण त्यांवर चढविलेल्या तारा लावण्याच्या रीती मात्र एकमेकींपासून फार दूरच्या आहेत.

गिटारीला सहा तारा. सर्वांत जाड तारेपासून मोजू लागले तर त्यांचे सूर पाश्चात्त्य नावांनी ई, ए, डी, जी, बी आणि पुन्हा ई असे येतात. पूर्वी वादक खिशात पोलादी नादकाटा बाळगीत असे. इंग्रज वादक जॉन शोर याने १७११ साली तो प्रचारात आणला. काटा गुडघ्यावर आपटून त्याचा दांडा गिटारीच्या पोटाला टेकविला की एक निश्चित सूर घुमतो, आणि त्याच्याशी एक तार जुळविली की बाकीच्या तारा तिच्यावरून लावता येतात. यासाठीची सोपी रीत अशी : जाड तार पाचव्या पडद्यावर दाबली असता जो सूर निघतो, तो शेजारच्या मोकळ्या तारेचा सूर. अपवाद एकच. जी या तारेवरून बी ही तार लावताना पाचवा पडदा सोडून चौथा दाबावा लागतो. दोन तारा जवळजवळ जुळल्या, पण पुरत्या जुळल्या नाहीत, म्हणजे त्यांचा मिळून निघणारा नाद झोपाळ्यासारखा डोलू लागतो. खुंटी जसजशी नेमक्या जागी येते तसतसा तो डोल मंदावतो आणि अखेर थांबतो. डोल थांबला की तारा मिळाल्या. ही कसोटी जगातल्या सर्व तंतुवाद्यांना सारखीच लागू आहे.

येथपर्यंत सारे सरळ वाटते. पण पुढे एक पेच उभा राहतो. काही वादक पडदा न दाबता तारेला पाचव्या आणि सातव्या पडद्यांच्या जागी बोटाचा नुसता स्पर्श करतात, आणि त्यातून उमटणारे घंटेसारखे सूक्ष्म स्वर एकमेकांशी जुळवितात. प्रत्येक जोडीचा डोल पूर्ण थांबतो, वादकाचे समाधान होते, आणि तरीही पुढे वाजवू लागले की एखादा स्वरमेळ बोचतो. दोष वादकाच्या कानाचा नसतो. निसर्गाने दिलेले स्वरसंबंध आणि गिटारीच्या दांडीवर कायमचे ठोकलेले पडदे यांचा हिशेब मुळातच जुळत नाही.

हा हिशेब समजण्यास फार गणित नको. षड्जापासून शुद्ध पंचम घ्यावा, त्या पंचमाचा पुन्हा पंचम घ्यावा, आणि असे बारा वेळा करावे. सात सप्तके चढून आपण पुन्हा षड्जावर यावयास हवे. परंतु प्रत्यक्षात किंचित पुढे जाऊन पोचतो. अलेक्झांडर एलिस या इंग्रज पंडिताने १८८५ साली सप्तकाचे १,२०० समान भाग कल्पून स्वर मोजण्याची रीत घालून दिली. त्या मापाने हा फरक सुमारे २३ भागांचा भरतो. युरोपीय संगीताला एकाच वाद्यावर कोणताही स्वर षड्ज मानून वाजविण्याची सोय हवी होती. म्हणून त्यांनी हा फरक बाराही स्वरांत सारखा वाटून टाकला. गिटारीचे पडदे याच वाटणीने बसविलेले असतात. ल्यूट नावाच्या वाद्यावर पडदे बसविताना तारेच्या उरलेल्या लांबीचा अठरावा भाग दरवेळी सोडीत जावे, असा ठोकताळा विन्सेन्झो गॅलिली याने १५८१ साली छापून प्रसिद्ध केला होता. हा गृहस्थ ज्योतिर्विद गॅलिलिओ याचा पिता.

या वाटणीत पंचमाचे नुकसान दोनच भागांचे होते; ते कानाला जाणवत नाही म्हटले तरी चालेल. खरी किंमत मोजतो तो गंधार. निसर्गतः शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ भागांवर आहे; समान वाटणीत तो ४०० भागांवर जातो. म्हणजे १४ भागांनी चढा. गिटारीची जी आणि बी या दोन तारांमधील अंतर नेमके षड्ज-गंधाराचे आहे, आणि जगभरच्या गिटारवादकांची सर्वांत जास्त कुरकुर याच बी तारेविषयी असते, यात नवल नाही. एका स्वरमेळासाठी ती गोड लावावी तर दुसरा रुसतो. तेव्हा कुशल वादक सर्वांनाच थोडे थोडे नाराज ठेवून सर्वांशी निभावून नेतो.

आता हाच गंधार आपल्याकडे कसा वागविला जातो ते पाहावे. म्हैसूरच्या वीणेला पितळेचे २४ पडदे असतात. पण ते लाकडात ठोकलेले नसतात, मेणाच्या लगद्यात बसविलेले असतात. पडदे बसविणारा कारागीर एकेक तार छेडीत, कानाने पारखीत, पडदा केसभर पुढे-मागे सरकवितो आणि मग मेण दाबून घेतो. काही वर्षांनी मेण झिजले की हे काम पुन्हा करावयाचे. वादकालाही तार बाजूला खेचून पडद्याने दिलेला सूर चढविण्याची मुभा असते. चौथे कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत म्हैसूरच्या दरबारात शेषण्णा यांच्यासारखे वैणिक होते. शेषण्णा यांचा काळ १८५२ ते १९२६. त्याच राजवाड्यात पाश्चात्त्य वाद्यवृंदही नांदत होता. कानाने सरकविलेले पडदे आणि समान वाटणीची स्वरपट्टी या दोन्ही रीती एका छपराखाली ऐकू येत, असे ठिकाण त्या काळी हिंदुस्थानात विरळा.

या दरबारात आदराने बोलावल्या जाणाऱ्या उत्तरेकडील गवयांत अब्दुल करीम खाँ हे अग्रगण्य होत. म्हैसूरच्या दरबाराने त्यांना ‘संगीतरत्न’ ही पदवी दिली. १८७२ साली किराना गावी जन्मलेले हे गायक बडोदे सोडून महाराष्ट्रात आले, १९१३ साली त्यांनी पुण्यास आर्य संगीत विद्यालय स्थापिले, आणि अखेर मिरजेस स्थायिक झाले. खाँसाहेबांचे नाव निघाले की प्रथम त्यांच्या सुरेलपणाचीच आठवण होते, आणि त्या सुरेलपणाचे अधिष्ठान त्यांचे तंबोरे होते.

तंबोरा आणि मिरज यांचे नातेही येथेच सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेतील शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब हे हत्यारांना धार लावण्याचा पिढीजात धंदा मागे सारून वाद्यनिर्मितीकडे वळले. त्यांच्या वंशजांनी आणि शिष्यांनी हा व्यवसाय पुढे नेला, आणि मिरजेचा तंबोरा हा देशभर प्रमाण मानला जाऊ लागला. पंढरपूरकडच्या शेतांत मुद्दाम पिकविलेला भोपळा, त्यावर लाकडाची तबली आणि दांडी, चार खुंट्या आणि चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या, आणि चौथी खर्जाची. खुंटीने तार ढोबळमानाने लागते. तिचे शेवटचे केसभर अंतर घोडीखालचा मणी सरकवून साधावयाचे असते.

परंतु तंबोऱ्याचे सारे रहस्य आहे ते घोडीत. गिटारीच्या घोडीवर तार एका अरुंद कडेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उताराची असते. तिच्यावर तार निसटती टेकते, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकविलेला असतो. तो योग्य जागी आला की तार बोलू लागते. नाद मोकळा, भरदार आणि झंकारयुक्त होतो. यालाच जवारी काढणे म्हणतात. या चमत्काराकडे चंद्रशेखर वेंकट रामन यांचे लक्ष वेधले गेले, आणि १९२१ साली त्यांनी वीणा व तंबोरा या वाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडावी तेथे ज्यांचे कंपन शून्य असते, असे उपस्वर त्या छेडण्यातून निघू नयेत, हा पाश्चात्त्य शास्त्राचा नियम. रामन यांना आढळले की या वाद्यांवर ते उपस्वरही जोरकसपणे निघतात, आणि याचे कारण त्या रुंद, वक्र घोडीत आहे. जे शास्त्र मिरजेच्या कारागिराच्या कानशीत होते, त्याला अशा रीतीने प्रयोगशाळेची साक्ष मिळाली.

खर्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर म्हणजे गंधार. तंबोरा उत्तम लागला म्हणजे कोणीही न छेडलेला हा गंधार आपोआप ऐकू येऊ लागतो. म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो ३८६ भागांवरचा शुद्ध गंधार असतो. समान वाटणीने जो दूर सारला, तोच हा. गिटारवादकाला जो स्वर तडजोडीने लावावा लागतो तो तंबोऱ्यात कोणी लावीत नाही. बाकीच्या तारा नीट लागल्याची पावती म्हणून तो स्वतः प्रकट होतो.

हे सारे मोजून कायमचे लिहून ठेवता येईल काय, असा ध्यास एका महाराष्ट्रीय गृहस्थाने घेतला. कृष्णाजी बल्लाळ देवल हे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर. आयुष्यभर सरकारी दप्तर सांभाळलेल्या या गृहस्थाने निवृत्तीनंतर स्वरांची मोजणी आरंभिली. एका बाजूस प्राचीन ग्रंथांतील बावीस श्रुती, दुसऱ्या बाजूस तारेच्या लांबीची मापे, आणि या दोहोंच्या मध्ये अब्दुल करीम खाँ यांचा गळा. खाँसाहेबांनी गाऊन दाखवावे, तो सूर तारेवर पकडावा आणि लांबी मोजून कंपनांचे प्रमाण काढावे, असे हे प्रयोग होते. या परिश्रमांचे फळ म्हणून १९१० साली देवल यांचा हिंदू स्वरसप्तक व बावीस श्रुती यांवरील इंग्रजी ग्रंथ पुण्यास प्रसिद्ध झाला. ई. क्लेमंट्स हे जिल्हा न्यायाधीश त्यांना येऊन मिळाले. १९११ साली साताऱ्यास पश्चिम हिंदुस्थानची फिलहार्मोनिक सोसायटी स्थापन झाली, आणि लंडनमध्ये एक श्रुती-हार्मोनियम तयार करविण्यात आली. सप्तकात बारा पट्ट्यांऐवजी बावीस श्रुतींची सोय असलेली ही पेटी म्हणजे देवल यांच्या स्वप्नाचे मूर्त रूप होते.

१९१६ साली सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. विष्णु नारायण भातखंडे हे तिचे सूत्रधार. तेथे श्रुतींचा प्रश्न निघाला, आणि देवल-क्लेमंट्स यांच्या मांडणीला कडवा विरोध झाला. मतैक्य झाले नाही. वरवर पाहता हा दोन पंडितपक्षांचा तंटा. पण त्याच्या मुळाशी असलेला भेद फार खोल होता. राग गाताना गवई जो स्वर लावतो तो एका बिंदूवर ठोकलेला असतो, की दोन शेजाऱ्यांच्या ओढीत हेलावत असतो? बिंदू असेल तर पेटी होऊ शकते. हेलावणे असेल तर बावीसच काय, शंभर पट्ट्यांची पेटीही अपुरीच पडणार. भातखंडे यांनी व्यवहारापुरते बारा स्वर पत्करले आणि बाकीचे गुरुमुखावर सोपविले.

हा वाद पुढे निराळ्या रूपाने नभोवाणीच्या दारीही आला. हार्मोनियमचे ठाम सूर हिंदी गायकीला मारक आहेत, हा आक्षेप मान्य होऊन १९४० साली नभोवाणीवर त्या वाद्याला बंदी झाली, आणि ती १९७१ पर्यंत टिकली. तीस वर्षांहून अधिक काळ देशातले गवई ध्वनिक्षेपकापुढे पेटीवाचून गायले. घरोघरच्या बैठकींत मात्र पेटी वाजतच राहिली, आणि पु. ल. देशपांडे यांच्यासारख्यांनी तिच्यावर मनापासून प्रेम केले. बंदी घालणाऱ्यांचे निदान अगदीच चूक नव्हते; पण दोष एका वाद्याच्या माथी मारून प्रश्न सुटणारा नव्हता, हेही तितकेच खरे.

देवल यांच्या प्रश्नाला थोडेफार उत्तर मिळाले ते १९६३ साली. नाझीर जयराजभाई आणि ए. डब्ल्यू. स्टोन या संशोधकांनी नामांकित कलावंतांच्या ध्वनिमुद्रिका घेऊन त्यांतील स्वरांची उपकरणांनी मोजणी केली. एकाच रागातला गंधार निरनिराळ्या कलावंतांचा निरनिराळा निघाला. इतकेच नव्हे, एकाच कलावंताचाही तो एका जागी थांबलेला नव्हता. म्हणजे बावीस ठाम बिंदूंचे स्वप्न मोजणीनेच मोडले. तथापि यावरून देवल यांचे श्रम वाया गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपला स्वर मोजण्याजोगा आहे, त्याच्याविषयी केवळ भक्तीने नव्हे तर प्रमाणाने बोलता येते, ही दृष्टी या निवृत्त अधिकाऱ्याने दिली. आणि पुढच्यांनी त्याच दृष्टीने त्याचा निष्कर्ष तपासला. शास्त्रात याहून मोठे यश फारसे असत नाही.

साधने पुढेही येतच राहिली. १९७९ साली बंगळूर येथील जी. राज नारायण यांनी विजेवर चालणारा तंबोरा तयार केला. आज खिशातला भ्रमणध्वनीही तार चढी की उतरी ते काटा हलवून दाखवितो, आणि गिटारीच्या डोक्याला चिमट्याने लावण्याचे इवलेसे यंत्र गोंगाटातही अचूक काम करते. प्रवासी कलावंताला आणि एकट्याने मेहनत करणाऱ्या विद्यार्थ्याला या साधनांचे केवढे साह्य झाले आहे हे वेगळे सांगावयास नको. परंतु पूर्वी शिष्य काही महिने नुसता तंबोरा लावावयास शिकत असे, त्या काळात त्याचा कान घडत असे. यंत्राने लावलेली तार लागते खरी. ती लागली आहे हे ऐकण्याची सवय मात्र लावणाऱ्याला होत नाही. मिरजेच्या सतार व तंबोरा या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कारागिरांपुढचा प्रश्न नावाच्या रक्षणाचा तर आहेच. पण जवारी ऐकून पसंत करणारे कान पुढच्या पिढीत किती उरतील, हा प्रश्न त्याहून अवघड आहे.

आणि गिटार? तिने हिंदुस्थानात येऊन या वादातून एक निराळीच वाट काढली. ब्रिजभूषण काब्रा यांनी ती आडवी ठेवली आणि पडदे न दाबता पोलादी दांडी तारेवरून सरकवून राग वाजविले. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या सोबत त्यांची गिटार ऐकू येते. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी तिला चिकारीच्या व तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा केली, आणि १९९४ साली रे कूडर यांच्यासमवेतच्या वादनासाठी त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. या वाद्यावर पडद्यांचा निर्णय चालत नाही. गंधार कोठे थांबवावयाचा हे वादकाचा हातच ठरवितो, आणि हाताला मार्ग दाखवितो तो मागे घुमणारा षड्ज.

अब्दुल करीम खाँ यांच्या अखेरीची हकीकत अनेकांनी सांगितली आहे. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात ते मद्रासहून पाँडिचेरीस निघाले होते. वाटेत छातीत कळा येऊ लागल्या, आणि सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्थानकावर ते रात्री उतरले. फलाटावर अंथरूण घातले गेले. त्यांनी तंबोरा जुळवावयास सांगितले, दरबारीच्या सुरांत ईश्वराची आळवणी केली, आणि प्राण सोडला, असे सांगतात. त्यांची समाधी मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. ज्या गळ्यावरून देवल यांनी श्रुतींची मापे घेतली, त्या गळ्याने शेवटच्या घटकेला मागितली ती एवढीच गोष्ट : तारा नीट लागलेल्या असाव्यात.